शॅमरॉकची घरगुती सजावट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की आयर्लंडमधल्या मराठी घरांतून मला ठरावीक फोन सुरू होतात. शाळेतून चिठ्ठी आलेली असते: १७ मार्चला सेंट पॅट्रिक डे, म्हणजे आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण, मुलांनी हिरवं घालून यावं, वर्ग सजवायला शॅमरॉकचं, म्हणजे या सणाच्या तीन दलांच्या पानाचं, काहीतरी घरून करून आणावं. मी डब्लिनजवळ राहते आणि आमच्या भागातल्या मुलांना शनिवारी हस्तकला शिकवते. पुण्याहून, नाशिकहून भाच्याही व्हिडिओ कॉलवर हेच विचारतात, कारण त्यांच्या शाळांतून आता 'जगातले सण' असे प्रकल्प असतात. तेच ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

शॅमरॉक म्हणजे नेमकं कुठलं पान?

आयरिश भाषेत 'शॅमर' म्हणजे क्लोव्हर, गवतात उगवणारं तीन दलांच्या पानांचं बुटकं रोप. त्याला 'ओग' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की 'शॅमरोग'. आपण रोपाचं रोपटं म्हणतो, तसं. म्हणजे शॅमरॉक हे कुणा वेगळ्या झाडाचं नाव नाही, कोवळं क्लोव्हर म्हणजेच शॅमरॉक.

पण क्लोव्हर अनेक जातींचं असतं. मग खरं कुठलं? हा प्रश्न आयरिश लोकांनाही पडला होता. १८९३ मध्ये नॅथॅनिएल कोलगन या वनस्पती-अभ्यासकाने देशभरातल्या लोकांना सांगितलं, तुम्ही ज्याला शॅमरॉक मानता ते मुळासकट पाठवा. आलेली रोपं त्याने वाढवली आणि फुलं आल्यावर ओळखली. १९८८ मध्ये डब्लिनच्या नॅशनल बोटॅनिक गार्डन्समधल्या चार्ल्स नेल्सन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. दोन्ही वेळा पहिला क्रमांक आला तो पिवळ्या बारीक फुलांच्या क्लोव्हरचा, शास्त्रीय नाव ट्रायफोलियम ड्युबियम. दुसरा पांढऱ्या फुलांच्या क्लोव्हरचा, ट्रायफोलियम रेपेन्स. हे दोन डोळ्यांसमोर ठेवले की तुमची सजावट खऱ्याच्या जवळ जाते.

पानं तीन की चार?

तीन. हे एवढं एक तरी नक्की लक्षात ठेवा.

चार पानांचं क्लोव्हर ही पांढऱ्या क्लोव्हरमध्ये क्वचित दिसणारी गोष्ट आहे. सापडलं तर नशीबवान मानतात आणि ते ठीकच आहे. पण ते शॅमरॉक नाही. शॅमरॉकची सगळी ओळख तीनवर उभी आहे. पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म सांगत फिरलेल्या पॅट्रिकने तीन दलांचं हे पान हातात धरून 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तीन असूनही एक' हे समजावलं, अशी गोष्ट इथलं प्रत्येक मूल ऐकतं. ही गोष्ट छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसते ती १७२६ मध्ये, केलेब थ्रेलकेल्डच्या आयरिश वनस्पतींवरच्या पुस्तकात. लोक अंगावर शॅमरॉक लावतात ही नोंद मात्र त्याआधीची आहे. १६८१ मध्ये आयर्लंडमध्ये फिरलेल्या थॉमस डायनलीने लिहून ठेवलं आहे की या दिवशी साधी माणसं शॅमरॉक लावतात. म्हणजे पान आधी गरिबाच्या अंगावर दिसतं, गोष्ट पुस्तकात नंतर येते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आम्ही इथे आलो त्या पहिल्या वर्षी मी लेकीच्या वर्गासाठी कागदी माळ केली होती. चोवीस पानं, प्रत्येकाला चार दलं. शेजारच्या आजींना दाखवायला नेली. त्यांनी एक पान हातात घेतलं, अंगठ्याने एक दल मागे दुमडलं, दुमड नखाने दाबून सपाट केली आणि म्हणाल्या, "आता झालं." उरलेली तेवीस आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुमडली. ती माळ अजून माझ्याकडे आहे. मागून पाहिलं की दुमडलेलं चौथं दल दिसतं.

दलं बदामाच्या आकाराची करायची की गोल?

दोन्ही चालतात, पण फरक माहीत असू द्या. दुकानातल्या पताकांवर, एअर लिंगसच्या विमानाच्या शेपटीवर जे शॅमरॉक असतं त्याची दलं पत्त्यातल्या बदामासारखी असतात. खरं पान जवळून पाहा. दल लांबट गोल असतं, टोकाला किंचितशी खाच, कधी तीही नाही. पिवळ्या क्लोव्हरच्या मधल्या दलाला स्वतःचा चिमुकला देठ असतो, त्यामुळे ते बाकीच्या दोघांपेक्षा जरासं पुढे येतं. पांढऱ्या क्लोव्हरमध्ये तिन्ही दलं एकाच बिंदूतून निघतात आणि बहुतेक वेळा दलावर फिकट पांढरी, उलट्या व्ही आकाराची खूण असते.

लहान मुलांबरोबर करताना बदाम सोपा, कारण त्यांना तो काढता येतो. थोडी मोठी मुलं असतील तर त्यांना आधी खरं पान आणि भिंग द्या. एकदा ती खूण पाहिली की मुलं पांढऱ्या खडूने ती काढायला विसरत नाहीत.

मी कागदाची घडी घालून कापते, पण दर वेळी चार पानं होतात. तीन कशी करायची?

कारण आपली घडीची सवय चाराची आहे. अर्धा, मग पाव, मग परत अर्धा. त्यातून चार किंवा आठच निघणार. तीनासाठी घडी वेगळी घालावी लागते.

साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्या. पातळ, घोटीव कागद बरा. कार्डशीट घडीत जाड होतं आणि कात्री घसरते. कागद मधोमध अर्धा दुमडा. दुमडीच्या रेघेचा मध्यबिंदू पेन्सिलीने मांडा. आता त्या बिंदूवर कोनमापक ठेवून ६० आणि १२० अंशांवर खुणा करा. एक बाजू ६०च्या रेघेवर पुढे दुमडा, दुसरी १२०च्या रेघेवर मागे दुमडा. हातात आइस्क्रीमच्या कोनासारखा तुकडा येईल, सहा थरांचा. या कोनाच्या एका सरळ कडेला लागून अर्धा बदाम काढा. बदामाचं निमुळतं टोक कोनाच्या टोकाकडे, गोल बाजू बाहेर. कापताना कोनाच्या टोकाजवळचा साधारण अर्धा सेंटिमीटर कापू नका, नाहीतर तिन्ही दलं सुटी होतील. उघडा, तीन दलं सारख्या अंतरावर. देठ वेगळा कापून मागून चिकटवा, आणि त्याला थोडा बाक द्या. सरळ देठ निर्जीव दिसतो.

कोनमापक नसेल तर नजरेने तीन सारखे भाग करा. पहिली दोन बिघडतील, तिसऱ्यापासून हात बसतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला काय देता येईल?

ढोबळी मिरचीचे ठसे. आपल्याकडे शाळेत भेंडीचे ठसे सगळ्यांनी केले आहेत, तोच प्रकार. ढोबळी मिरची आडवी कापली की तिच्या कप्प्यांचा आकार उमटतो. बाजारात मिरची उलटी करून बुडाकडून पाहा. काहींना तीन उभार असतात, काहींना चार. तीनाची निवडून आणा.

बुडापासून एक-दीड इंचावर कापा, बिया काढा, आतून फडक्याने पुसा. ओली राहिली तर रंग पाण्यासारखा पसरतो. ताटलीत पोस्टर कलर पातळ थरात पसरा, मिरची टेकवा, आधी रद्दी कागदावर एक ठसा मारून जास्तीचा रंग जाऊ द्या, मग खऱ्या कागदावर. देठाच्या बाजूने धरायला मूठ मिळते, म्हणून देठ काढू नका. नुसता बाटलीतला हिरवा वापरला तर ठसा काळपट दिसतो; त्यात एक थेंब पिवळा घाला. एका मिरचीत तीस-चाळीस ठसे निघतात, मग ती मऊ पडते. शॅमरॉकचा देठ मुलाने बोटाने ओढला तर सर्वांत छान.

क्रोशाने शॅमरॉक विणता येतं का? पद्धत सांगाल?

येतं, आणि या प्रश्नाची मी दर वर्षी वाट पाहते. कारण इथे शॅमरॉक आणि क्रोशा यांचं नातं सजावटीपेक्षा खूप खोल आहे.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि त्यापाठोपाठ भीषण दुष्काळ आला. लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. त्या वर्षांत घर तगवायला बायकांच्या हाती जी कामं आली त्यांत क्रोशाची लेस होती. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स या गावी तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये हे काम सुरू करून दिलं, आणि क्लोन्सची लेस पुढे नावाजली गेली. या लेसची रीत अशी की गुलाब, द्राक्षं, पानं, शॅमरॉक हे नमुने सुटे सुटे विणायचे. कडेला जाड दोरा आत घेऊन त्यावरून टाके घालायचे, म्हणजे नमुना उठून दिसतो. मग हे सगळे तुकडे कापडावर मांडून टाचायचे, मधल्या जागा साखळ्यांच्या जाळीने आणि बारीक गाठींनी भरायच्या आणि शेवटी मागचं कापड सोडवून घ्यायचं. सुटे नमुने असल्यामुळे काम वाटून घेता येई.

आपल्याकडे रुखवतात क्रोशाची तोरणं, रुमाल मांडणाऱ्या आज्यांना ही रीत एका बैठकीत समजेल. माझ्या आईला मी पहिल्यांदा क्लोन्स लेसचा तुकडा दाखवला तेव्हा तिने तो आधी उलटा करून मागची बाजू पाहिली. काम करणारी बाई नेहमी मागची बाजू पाहते.

आता सोपी पद्धत. पाच साखळ्या घालून गोल जोडा. *तीन साखळ्या, गोलात तीन खांब, परत तीन साखळ्या, आणि गोलातच सुई घालून साखळी ओढून घ्या.* ताऱ्यांमधलं हे काम एकूण तीन वेळा करा. तीन गोलसर दलं झाली. आता देठ: सात साखळ्या घाला, सुईजवळची पहिली सोडून उरलेल्या सहांमध्ये मुके खांब विणत परत या, गोलात जोडून दोरा तोडा. शेपूट मागे ओवून टाका. जाड सुती दोरा आणि ३ मिलिमीटरची सुई घेतली तर पान साधारण पावणेदोन-दोन इंचांचं होतं, कोटाला लावायला बरोबर. दलांना खाच हवी असेल तर मधल्या खांबाऐवजी मुका खांब घाला. उठावदार कडा हवी असेल तर मात्र दोऱ्यावरून विणण्याची ती जुनी रीत शिकावी लागेल, आणि ती बघून शिकण्याची गोष्ट आहे.

शॅमरॉकखेरीज घरी करण्यासारखं पारंपरिक काही आहे का?

आहे, आणि आता फारसं कुणी करत नाही म्हणून आवर्जून सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुलं या दिवसासाठी 'सेंट पॅट्रिक क्रॉस' करून अंगावर लावत. मुलगे जाड कागदावर कंपासने गोल काढून त्यात क्रॉस आखत आणि रंगवत. मुलींचे क्रॉस पुठ्ठ्याचे, त्यावर रंगीत रेशमी फितींचे तुकडे गुंडाळलेले आणि मधोमध फितीचं फूल. मेयो परगण्यात टरलो पार्कला ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आयर्लंडमध्ये असाल तर मुलांना एकदा न्या. हातांनी केलेल्या वस्तूंचं महत्त्व तिथे शब्दांशिवाय कळतं.

घरी करायला सोपं आहे. सारख्या लांबीच्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या, अधिक चिन्हासारख्या चिकटवलेल्या. साड्यांच्या फॉलचे, राख्यांचे, भेटवस्तूंवरच्या फितींचे उरलेले तुकडे घ्या आणि प्रत्येक बाहूवर वेगळा रंग गुंडाळा. नवीन काही विकत आणायची गरज नाही.

रंग फक्त हिरवाच हवा का?

नाही. अठराव्या शतकात पॅट्रिकशी जोडला जाणारा रंग निळा होता. १७८३ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक' या मानाच्या पथकाचा रंगही निळा. हिरव्याला राष्ट्रीय भावनेचं वजन आलं ते १७९८च्या उठावाच्या काळात. त्यामुळे हिरव्या शॅमरॉकखाली निळी फीत लावली तर ती चूक नाही.

आयर्लंडचा झेंडा काढताना आमचा गोंधळ होतो, तो आपल्यासारखाच आहे ना?

रंग सारखे वाटतात, पण पट्टे उभे. काठीकडून हिरवा, मग पांढरा, मग नारिंगी. १८४८ मध्ये थॉमस फ्रान्सिस मेहर यांनी हा झेंडा पुढे आणला. हिरवा कॅथलिक गेलिक परंपरेचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा, मधला पांढरा दोघांमधल्या शांततेचा. उलट क्रमाने लावला तर तो आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचा झेंडा होतो. कागदी पताका खिडकीत लावणार असाल तर इथे खरोखर चूक होते, कारण रंग आरपार दिसला की बाहेरून क्रम उलटा. दोन्ही बाजूंनी वेगवेगळा रंगवा किंवा खिडकीत नुसते शॅमरॉक लावा.

खिडकीसाठी आणि दारासाठी काय करावं?

खिडकीसाठी पतंगाचा कागद. काळ्या कार्डशीटमध्ये शॅमरॉकचा आकार पोकळ कापा, मागून दोन-तीन छटांचे हिरवे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून चिकटवा. जिथे तुकडे चढतात तिथे गडद हिरवा होतो. इथे मार्चमध्ये ऊन थोडा वेळच येतं, पण आलं की भिंतीवर हिरवी सावली पडते आणि मुलं धावत बघायला येतात.

दारासाठी तोरण. आंब्याच्या पानांचं तोरण ज्या हातांनी ओवतो त्याच हातांनी हेही होतं. एक सूचना: शॅमरॉक देठातून ओवू नका, उलटी लटकतात. वरच्या दलाला भोक पाडा. बाहेर लावणार असाल तर कागद नको, फेल्ट घ्या. डब्लिनचा पाऊस कागदी तोरण तासाभरात झोपवतो.

चमकी वापरू नका असं मी मुलांना सांगते. ती प्लॅस्टिकची असते, सांडते, मोरीतून वाहून जाते आणि कायमची राहते. निसर्गातल्या पानाच्या सणाला ती शोभत नाही.

रांगोळी काढली तर चालेल का?

का नाही चालणार? शाळेत भारतीय पालकांनी काढलेली शॅमरॉकची रांगोळी मी पाहिली आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका ती पुसली जाऊ नये म्हणून दिवसभर खुर्ची लावून राखण करत होत्या. तीन बदाम, टोकं मध्यबिंदूकडे: एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे, खाली देठ. कडेला आपली नेहमीची वेल. दाराबाहेर वारा-पाऊस असतो, म्हणून घरात पाटावर किंवा मोठ्या ताटात काढा. हिरवी रांगोळी मिळाली नाही तर ताटात हिरवे मूग पसरून भरा, देठाला बडीशेप. दुसऱ्या दिवशी मूग भिजत घाला.

२०२६चा गुढीपाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे पॅट्रिक डेनंतर दोनच दिवसांनी. त्या आठवड्यात दाराशी दोन्ही असू द्या.

आमच्या धर्माचं नाही, तरी मुलांनी हे करावं का?

हा प्रश्न आज्या-आजोबा जास्त विचारतात आणि मनापासून विचारतात. सण मुळात एका संताच्या स्मृतिदिनाचा, पण १९०३ पासून इथे सार्वजनिक सुट्टी आहे आणि आज तो सगळ्या देशाचा दिवस आहे. मुलांनी त्यात उभं राहावं असं मला नक्की वाटतं. आणि तीन दलांचं पान पवित्र मानणं हे आपल्याला परकं कुठे आहे? बेलाचं त्रिदळ महादेवाला वाहताना आपण तिन्ही दलं अखंड आहेत ना हे बघतो. मी आजींना शॅमरॉक दाखवताना बेलाचं नाव काढते, पुढे काही समजवावं लागत नाही. दोन्ही पानं एक नाहीत, दोन्ही कथा एक नाहीत, पण पानाकडे थांबून बघण्याची सवय आपल्याला आधीपासून आहे.

महाराष्ट्रात शॅमरॉक मिळत नाही. खरी पानं दाबून कार्ड करायचं तर काय वापरू?

मेथी. क्लोव्हर आणि मेथी एकाच कुळातली आणि नात्याने अगदी जवळची. मेथीचं पान नीट पाहा, तीन दलंच आहेत. कोवळ्या जुडीतली लहान पानं निवडा. गुरं पाळणाऱ्या घरी बरसीमचा चारा असेल तर उत्तमच, बरसीम हे खरंखुरं क्लोव्हर आहे. कुंड्यांत, भिंतीच्या कडेला उगवणाऱ्या आंबुशीला तीन बदामी दलं असतात, दुकानी शॅमरॉकसारखी हुबेहूब. पण ती वेगळ्या कुळातली.

पानं दुपारी तोडा, दव नसताना. वर्तमानपत्राच्या घडीत एकमेकांना न टेकता मांडा, दलं बोटाने उलगडून. वर जाड पुस्तकं. पहिले तीन दिवस रोज कागद बदला. ओल राहिली तर पान काळं पडतं, बहुतेक कार्डं इथेच बिघडतात. दहा-बारा दिवसांत पान कागदासारखं होतं. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून मऊ ब्रशने कार्डावर लावा, त्यावर पान ठेवा, वरून परत एक हलका हात. आंबुशी पटकन मिटते, तिला तोडल्या तोडल्या दाबा.

घरी शॅमरॉक उगवता येईल का?

आयर्लंडमध्ये सहज. क्लोव्हरचं बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पसरट कुंडीत टाका, वर मातीची नुसती भुरभूर, आणि खिडकीत ठेवा. आठवड्याभरात मोड दिसतात. आता मुलांची निराशा होते ती जागा: आधी दोन साधी बीजपत्रं येतात, मग एकेरी गोल पान. तीन दलं कुठेच नाहीत. मुलं म्हणतात, चुकीचं बी आणलं. थांबा. त्यानंतरचं पान तीन दलांचं येतं, घडी घातलेल्या छत्रीसारखं, आणि एका सकाळी उघडलेलं दिसतं. मुलांनी रोज पेन्सिलीने चित्र काढून ठेवलं तर ते पहिलं उघडलेलं पान त्यांना आयुष्यभर आठवेल.

दुकानात कधी जांभळ्या पानांची किंवा मोठ्या बदामी पानांची कुंडी शॅमरॉक म्हणून विकतात. ती आंबुशीची बहीण. दिसायला सुंदर, पण मांजर-कुत्र्यांनी खाल्ली तर त्रास होतो.

टेबलावर मध्यभागी काय ठेवू?

काचेचा वाडगा आणि त्यात भरगच्च शॅमरॉक, खरी किंवा कागदी. यामागेही गोष्ट आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतले आयरिश राजदूत जॉन हर्न यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना शॅमरॉकची लहानशी डबी पाठवली. त्यातून प्रथा पडली, आणि आता आयर्लंडचे पंतप्रधान व्हाइट हाउसमध्ये काचेच्या वाडग्यात शॅमरॉक भेट देतात. २०१८ मध्ये तो वाडगा देणारे लिओ वराडकर होते, मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचे चिरंजीव. २०१९च्या डिसेंबरात ते कुटुंबासह वराडला जाऊनही आले. आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की वाडगा करायला एकदम हुरूप येतो.

मिठाच्या कणकेचे शॅमरॉक टिकतात का?

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी. घट्ट मळा, पाव इंच जाड लाटा, कापा, टांगायला भोक आधीच पाडा. ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन-तीन तास. पूर्ण गार झाल्यावर रंग आणि दोन्ही बाजूंनी वॉर्निश. कोकणात किंवा मुंबईत वॉर्निश न लावलेलं मीठ पावसाळ्यात पाणी ओढतं आणि तुकडा मऊ होतो. आणि हे कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला विषासारखं आहे.

कार्डावर काय लिहायचं?

आयरिशमध्ये लिहा, लोकांना मनापासून आनंद होतो. 'Lá Fhéile Pádraig sona duit', उच्चार साधारण 'लॉ एल्या पॉड्रिग सना डिट', म्हणजे पॅट्रिक डेच्या तुला शुभेच्छा. लिहिताना अक्षरांवरच्या तिरक्या रेघा, त्यांना 'फाडा' म्हणतात, गाळू नका: पहिल्या शब्दातल्या 'ए'वर, दुसऱ्यातल्या पहिल्या 'ई'वर आणि तिसऱ्यातल्या पहिल्या 'ए'वर. आपल्या वेलांटीसारखंच, रेघ गेली की उच्चार जातो. इंग्रजीत लिहिणार असाल तर 'पॅडी', 'पॅटी' नाही. पॉड्रिगचं लाडकं नाव पॅडी. पॅटी हे पॅट्रिशियाचं.

भारतात आजी-आजोबांना खरं शॅमरॉक पाठवता येईल का?

रोप किंवा बी टपालाने पाठवू नका. भारतात वनस्पती आणि बियाणं आणायला परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, माती तर चालतच नाही. क्रोशाचं पाठवा. पाकिटात सपाट बसतं, मोडत नाही, आणि आजी ते उलटं करून पाहतील.

१७ मार्च झाला की या सगळ्याचं काय करायचं?

कागदी तोरण सपाट घडी करून वहीत, क्रोशाचं डब्यात. मिरचीचे ठसे मारलेले कागद आम्ही पुढच्या वर्षी भेटवस्तू गुंडाळायला ठेवतो. कुंडीतलं शॅमरॉक फेकू नका. घराला हिरवळ असेल तर ऊन येणाऱ्या कडेला, जिथे गवत कापायचं यंत्र फिरत नाही तिथे, मुळाच्या मातीसकट लावा. पांढरं असेल तर ते खोडांनी जमिनीवर सरपटत पसरतं. पिवळं असेल तर मे महिन्यात त्यावर मुगाएवढी पिवळी फुलं येतात, इतकी लहान की गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत.